टाकीत माणूस उतरायलाच हवा का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पुण्याच्या वेशीवरच्या 40 सदनिकांच्या एका सोसायटीच्या सचिवांनी हे पत्र लिहिलं आहे. त्या शाळेत शिकवतात. पद घ्यायला कोणी तयार होईना, म्हणून गेल्या वर्षी ते त्यांच्याकडे आलं. त्यांच्या भागात ड्रेनेजची मुख्य लाइन अजून पोचलेली नाही, त्यामुळे इमारतीमागे सेप्टिक टाकी आहे आणि ती सध्या काठोकाठ भरली आहे. गेली 11 वर्षं जवळच्या वस्तीतले एक गृहस्थ, सगळे त्यांना दादा म्हणतात, तीन-साडेतीन वर्षांनी एकदा पुतण्याला घेऊन येतात. वरचं पाणी पंपाने काढतात, मग स्वतः आत उतरून तळाचा गाळ बादल्यांनी वर देतात. घेतात 6,000 रुपये. मैला उपसणाऱ्या गाडीवाल्याने 14,000 सांगितले आहेत. गणपती पंधरा दिवसांवर आले, मांडव टाकीच्या झाकणापासून दहा पावलांवर पडतो, आणि रविवारच्या सभेत बहुतेक सभासद "दादांनाच बोलवा" म्हणणार आहेत. समितीचं म्हणणं असं की दादांना सवय आहे, आजवर काही झालेलं नाही, आणि 'माझ्या जबाबदारीवर उतरतो' असं त्यांच्याकडून लिहून घेता येईल. सचिवबाईंनी बातम्या वाचल्या आहेत. त्या विचारतात: दादांना सुरक्षित उतरवायचं तर कोणता मास्क आणू? त्यांना नाही म्हटलं तर त्यांच्या पोटावर पाय दिल्यासारखं होईल का? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "उतरण्याआधी दादांना दारू लागते. तिचे पैसे दरवेळी किरकोळ खर्चात लिहितात. या वेळी त्या व्हाउचरवर सही माझी असेल."

ताई, नमस्कार.

दिवस थोडे आहेत म्हणून उत्तर आधी सांगतो. दादांना टाकीत उतरवू नका. पुतण्याला तर नाहीच नाही. गाडी बोलवा. मास्कवर एक रुपयाही घालवू नका, कारण दुकानातून तुम्ही आणाल तो कुठलाही मास्क त्या टाकीत दादांना वाचवणार नाही. असं का, ते पुढे सविस्तर लिहितो. रविवारी चाळीस घरांसमोर उभं राहायचं तर ते तुम्हाला नीट माहीत हवं.

माझी सगळी नोकरी रसायनांच्या कारखान्यांत, सुरक्षा विभागात झाली. तिथे टाक्या, रिॲक्टर, हौद, गटारं यांत माणसं उतरवणं हे आमच्या रोजच्या कामाचा भाग होतं. म्हणून तुमचा प्रश्न मला नवा नाही. तो ज्या क्रमाने विचारला जातो, तो क्रमही ओळखीचा आहे. टाकी भरली की पहिला विचार 'उतरणार कोण' हा येतो, दुसरा 'त्याला काय घालायला द्यायचं' हा. मुळात उतरायचं कशासाठी, हे कोणी विचारत नाही. ते आपण आधी विचारू.

सेप्टिक टाकीत तीन थर असतात. वर तेलकट साय, मध्ये पाणी, तळाशी गाळ. साधा पंप पाणी ओढतो, पण तळाचा गाळ वर्षानुवर्षं बसून घट्ट झालेला असतो, तो त्याला उचलत नाही. माणूस आत जातो तो या तळच्या थरासाठी. पण हा थर सैल करायला माणसाच्या पायांची गरज नसते. उपसलेलं पाणी जोराने परत आत सोडून, जेटिंग मशीनचा फवारा मारून किंवा वरूनच लांब बांबूने ढवळून तो पातळ करता येतो आणि मग सक्शन गाडी ओढून घेते. टाकी दर दोन ते तीन वर्षांनी उपसावी असं तज्ज्ञ सांगतात, ते याच कारणाने. तुमच्याकडे हे अंतर वाढत गेलं आणि गाळ दगडासारखा झाला.

सभेत हमखास येणारी एक तक्रार असते. गाडी पूर्ण साफ करत नाही, तळाला थोडं राहतं, दादा कसे घासूनपुसून लख्ख करतात. ताई, सेप्टिक टाकी लख्ख करायचीच नसते. मैला कुजवणारे जिवाणू त्या गाळातच असतात. थोडा जुना गाळ मागे राहिला तर टाकीचं काम लवकर पूर्ववत सुरू होतं. म्हणजे दादा जीव धोक्यात घालून जे शेवटचे वीतभर काढतात, ते काढायची गरजच नव्हती.

आता आत काय असतं ते बघू. हवेशिवाय मैला कुजला की मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात. मिथेन हलका, तो वर जमतो आणि हवेत 5 ते 15 टक्के झाला की एका ठिणगीने पेट घेतो. बाकीचे दोन हवेपेक्षा जड. ते तळाशी बसतात, म्हणजे वाकून बादली भरणाऱ्या माणसाचं तोंड जिथे असतं नेमकं तिथे.

हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास असतो. हवेच्या दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी असला तरी नाकाला तो कळतो. पण शंभर भागांच्या आसपास गेला की काही मिनिटांत नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. आतला माणूस म्हणतो, "वास गेला, हवा मोकळी झाली." मी हे वाक्य कामगारांच्या तोंडून कितीदा ऐकलं आहे. वास जाणं ही त्या वायूची सगळ्यात वाईट खूण आहे. पाचशे ते सातशे भागांना काही मिनिटांत शुद्ध हरपते. हजार भाग, म्हणजे हवेच्या हजारात फक्त एक भाग, एवढा झाला तर एक-दोन श्वास पुरतात.

प्राणवायूची गोष्ट याहून फसवी आहे. आपण श्वास घेतो त्या हवेत तो 20.9 टक्के असतो. 19.5 च्या खाली गेला तर त्या जागेत उतरू नये असा नियम अनेक देशांत आहे. दहा टक्क्यांच्या आसपास माणूस बेशुद्ध पडतो, सहाला काही श्वासांत कोसळतो. लोकांना वाटतं, हवा कमी पडली तर जीव घाबरा होईल आणि माणूस आपणच वर येईल. पण जीव घाबरा होतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. निव्वळ प्राणवायू कमी असेल तर गुदमरल्यासारखं वाटतच नाही. थोडं हलकं वाटतं, पायातलं बळ जातं आणि शिडीला धरलेला हात सुटतो. आपल्याला काय होतंय हे कळायच्या आत सगळं होऊन जातं.

म्हणून मास्कचा उपयोग नाही. कापडी मास्क धुळीसाठी असतो. गोल डबीचा, फिल्टरवाला मास्क काही वायू अडवतो, पण जिथे प्राणवायूच नाही तिथे तो प्राणवायू आणणार कुठून? अशा जागी लागतो तो बाहेरून नळीने किंवा पाठीवरच्या सिलिंडरमधून शुद्ध हवा देणारा संच, आणि तो वापरायला शिकलेला माणूस. अग्निशमन दलाकडे असतो तसा.

मेणबत्ती सोडून बघायची पद्धतही तुमच्याकडे असेल. ज्योत विझली तर आत प्राणवायू फार कमी आहे एवढंच कळतं. विझली नाही तर विषारी वायूबद्दल काहीच कळत नाही, आणि मिथेन असला तर त्याच मेणबत्तीने स्फोट होतो. ती पद्धत आजपासून बंद.

"आदल्या रात्री झाकण उघडून ठेवतो" हेही ऐकू येईल. उघडं ठेवल्याने हलका वायू निघून जातो, जड वायू तसाच बसून राहतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बराचसा वायू गाळाच्या पोटात अडकलेला असतो. माणूस त्यात पाय घालतो, फावडं मारतो, तेव्हा तो एकदम सुटतो. "उतरला तेव्हा धडधाकट होता, दुसऱ्या बादलीला पडला" असं अपघातानंतर लोक सांगतात, त्यामागचं कारण हे आहे.

मग दादांना अकरा वर्षांत काही झालं नाही ते कसं? हिशोब करा. तीन-साडेतीन वर्षांनी एकदा, म्हणजे तुमच्या टाकीत ते जेमतेम तीनदा उतरले आहेत. तीनदा निभावलं याला सवय म्हणत नाहीत. इतर ठिकाणीही ते उतरत असतील, पण फुप्फुसाला या वायूची सवय होत नसते. सवय होते ती भीतीची, आणि तीच वाईट.

आता ज्या गोष्टीसाठी मला हे पत्र मोठं लिहायचं होतं, तिथे येतो. तुमच्या पत्रात पुतण्याचा उल्लेख एका ओळीत आला आहे. माझी नजर तिथून हलत नाही.

1994 च्या मे महिन्यात मी ज्या कारखान्यात होतो, तिथे सांडपाण्याच्या आठ फूट खोल खड्ड्यात एका फिटरचा पाना पडला. दोन मिनिटांचं काम म्हणून तो शिडीने उतरला. खाली पोचला, वाकला आणि तसाच बसला. वरचा मदतनीस "अरे, काय झालं रे?" म्हणत मागोमाग उतरला आणि त्याच्यावरच कोसळला. मी आवाज ऐकून धावलो तेव्हा तिसरा शिडीवर पाय ठेवत होता. मी त्याला मागून कवेत धरलं. त्याने कोपराने माझा ओठ फोडला, शिव्या दिल्या, रडला. खाली बसलेला फिटर त्याचा सख्खा भाऊ होता. श्वसनसंच घातलेली माणसं येईपर्यंत मी त्याला सोडलं नाही. खालचे दोघेही गेले. हा वाचला, पण त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोलला नाही. तो खड्डा आमच्या धोक्याच्या जागांच्या यादीत नव्हता, कारण त्याला आम्ही सगळे 'खड्डा' म्हणत होतो, टाकी नाही. ती यादी करायचं काम माझं होतं.

हे फक्त आमच्याकडेच झालं असंही नाही. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संस्थेने 1986 मध्ये इशारा दिला होता की अशा बंदिस्त जागांतल्या मृत्यूंमध्ये 60 टक्क्यांहून अधिक जण हे वाचवायला धावलेले असतात. आपल्याकडचं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. 9 एप्रिल 2024, गुढीपाडव्याचा दिवस. नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाच्या स्लरीने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. तिला काढायला एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पाच माणसं गेली. सहावा वाचला, कारण उतरताना त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता आणि वरच्यांनी त्याला ओढून काढलं.

त्या पाच जणांमध्ये मूर्ख कोणी नव्हता. आपलं माणूस डोळ्यांसमोर पडलेलं असताना काठावर उभं राहणं माणसाच्या स्वभावात नाही. म्हणून वाचवायची तयारी उतरण्याआधी करायची असते. नंतर ती कोणालाही जमत नाही. आता सांगा, दादा आत पडले तर पुतण्या काय करेल? आणि पुतण्या पडला तर तुमच्या सोसायटीतली गणपतीच्या कामाला जमलेली पोरं काय करतील? तुम्ही एका माणसाची जोखीम मोजत आहात. काठावर उभा असलेला प्रत्येक जण तिच्यात मोजा.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाने एवढं लक्षात ठेवावं. कोणी आत पडलेला दिसला तर उतरू नका, दुसऱ्याला उतरू देऊ नका, गरज पडली तर धरून ठेवा. 101 किंवा 112 ला फोन करून 'टाकीत माणूस बेशुद्ध आहे' असं स्पष्ट सांगा, म्हणजे ते श्वसनसंच घेऊन येतील. 108 ची रुग्णवाहिका बोलवा. आतल्या माणसाला दोर बांधलेला असेल तर वरून ओढा. ब्लोअर असेल तर बाहेरची ताजी हवा आत सोडत राहा. ऑक्सिजनचा सिलिंडर मात्र आत मोकळा सोडू नका, त्याने आग भडकते.

समितीचा तो 'माझ्या जबाबदारीवर' असा कागद. ताई, त्याला काही अर्थ नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा 2013 चा कायदा सांगतो की सुरक्षा साधनं आणि खबरदारी यांच्याशिवाय गटार किंवा सेप्टिक टाकीच्या सफाईसाठी कोणीही, थेट किंवा दुसऱ्यामार्फत, माणूस लावायचा नाही. 'दुसऱ्यामार्फत' हा शब्द कायद्यातच आहे, म्हणून ठेकेदाराकडे बोट दाखवून सोसायटी सुटत नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर हीच मर्यादा पाच वर्षं आणि पाच लाख. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. त्यासाठी कोणी मरावं लागत नाही, माणूस तसा उतरवला एवढं पुरतं. नियमांत माणूस उतरवायला मुभा आहे ती अगदी मोजक्या कामांसाठी, जसं यंत्र चालत नाही तिथलं मोडकं झाकण काढणं, तळाचा पंप बाहेर घेणं. बाकी नाइलाज असेल तर स्थानिक संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याची कारणांसह लेखी परवानगी लागते. 'गणपती जवळ आले' हे त्यात बसत नाही.

गोवंडीच्या एका खासगी सोसायटीत 2019 च्या डिसेंबरात सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार गेले. त्यांच्या पत्नी न्यायालयात गेल्या आणि 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रत्येकीला 10 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. पुढे 20 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई 30 लाख केली. हे सभेत सांगा, कारण काही लोकांना एवढंच ऐकू येतं. तुम्हाला मात्र ते पुरणार नाही हे मला तुमच्या शेवटच्या ओळीवरून कळलं.

त्या ओळीकडे येतो. दादा 'तयार' आहेत असं समिती म्हणते. शुद्धीवर असताना जे काम करवत नाही, ते करायला त्यांना आधी दारू लागते, आणि तिचे पैसे सोसायटी देते. म्हणजे हे काम शुद्धीतल्या माणसाचं नाही, हे तुमच्या वहीतच वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे, फक्त 'किरकोळ' या नावाखाली. दारूने किळस दबते, भीतीही दबते. चक्कर आली की वर यावं एवढं भान उरायला हवं असतं, तेही जातं. त्या व्हाउचरवर तुमचा हात अडखळतो आहे, ते बरोबरच आहे. सही करू नका.

आणि दादाच का? तुमच्या चाळीस घरांत कितीतरी धडधाकट माणसं असतील, कोणी कोणाला म्हणालं का की तू उतर, सहा हजार देतो? हे काम पिढ्यानपिढ्या ठरावीक जातींच्या माणसांवर लादलं गेलं आहे, आणि त्यांच्या पोरांनाही दुसरी दारं सहज उघडत नाहीत. दुसरं काम मिळण्याची खात्री नसलेल्या माणसाचा होकार हा पूर्ण होकार नसतो. सभेत हे बोललात तर काहींना टोचेल. बोला. तुम्ही शिक्षिका आहात, अवघड गोष्ट शांत आवाजात कशी सांगायची हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

पोटावर पाय येण्याची भीती मात्र खरी आहे, ती मी झटकणार नाही. दादांना फक्त 'आता येऊ नका' सांगितलं तर ते पुढच्या सोसायटीत उतरतील, कदाचित पाचशे रुपये कमी घेऊन. म्हणून गाडी येईल त्या दिवशी दादांनाही बोलवा, वर उभं राहण्यासाठी, आणि त्या दिवसाची मजुरी आधी ठरवून द्या. त्यांच्याकडे जे ज्ञान आहे ते गाडीवाल्याकडे नाही. कुठला चेंबर कुठे जोडलेला आहे, कोणत्या बाजूला गाळ जास्त धरतो, कुठलं झाकण तडकलं आहे, हे त्यांना पाठ असेल. ते गाडीवाल्याला दाखवू द्या. शिवाय 2023 पासून केंद्र सरकारची 'नमस्ते' नावाची योजना आहे. तिच्यात गटार आणि सेप्टिक टाकीच्या कामगारांची नोंद करून आरोग्यविमा, सुरक्षा साधनं, प्रशिक्षण आणि सफाईची यंत्रं घ्यायला अनुदान देण्याची तरतूद आहे. नोंदणी स्थानिक संस्थेत होते. दादांसोबत एकदा तुम्ही स्वतः त्या कार्यालयात जा. त्यांना एकट्याला पाठवलं तर तीन चकरा मारून ते नाद सोडतील, तुम्ही बरोबर असाल तर समोरचा कारकून खुर्ची पुढे करेल. हे असं असू नये, पण आहे, तर त्याचा उपयोग करून घ्या.

पैशांचं म्हणाल तर फरक 8,000 रुपयांचा आहे. चाळीस घरांत घरटी 200, तेही दोन-तीन वर्षांतून एकदा.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाही. तुमच्याकडे जमिनीखाली पिण्याच्या पाण्याची टाकीही असेल, आणि गणपतीआधी तीही धुवायची ठरली असेल. 'ती तर स्वच्छ पाण्याची' म्हणून कोणी घाबरत नाही. मार्च 2025 मध्ये मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत चार मजूर गुदमरून गेले. बंद टाकीत लोखंड गंजतं, सेंट्रिंगची लाकडं कुजतात आणि आतला प्राणवायू खाऊन टाकतात. वॉटरप्रूफिंगच्या रसायनांची वाफ साठते. पेट्रोलचा पंप तोंडाशी चालवला तर त्याचा कार्बन मोनॉक्साइड आत उतरतो. मैल्याचा एक थेंब नसलेली जागाही जीव घेते. शेतातली जुनी विहीर, गोबरगॅसचा खड्डा, साखर कारखान्यातली मळीची टाकी, द्राक्षं आंबवण्याचं पिंप, कोकणातल्या आणि गोव्यातल्या ट्रॉलरचा मासळी ठेवायचा खण, सगळीकडे तत्त्व तेच. आत शिरता येतं, पण हवा खेळत नाही.

पाण्याच्या टाकीतही लांब दांड्याचा ब्रश, प्रेशर पंप आणि गाळ ओढणारं यंत्र यांनी बहुतेक काम वरून होतं. तरी उतरावंच लागलं, तर ठेकेदाराला पहिला प्रश्न एकच विचारा: "गॅस मीटर आहे का? चालू करून दाखवा." प्राणवायू, पेट घेणारे वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड अशा चार गोष्टी मोजणारं हे हातात मावणारं यंत्र असतं. नसेल तर तो माणूस या कामाचा नाही. सगळी झाकणं उघडून ब्लोअरने बाहेरची हवा आत सोडायची, आणि काम संपेपर्यंत तो बंद करायचा नाही. पाणी येणारे व्हॉल्व्ह बंद, पंपाचं बटण बंद आणि त्यावर कुलूप, म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या कोणी चुकून चालू करू नये. मीटर नळीने किंवा दोरीने आत सोडून वर, मध्ये आणि तळाशी तीन ठिकाणी मोजायचं. पहिला आकडा प्राणवायूचा बघायचा, कारण तो कमी असेल तर पेटत्या वायूचा आकडाही चुकीचा येतो. मग तेच मीटर उतरणाऱ्याच्या छातीवर चालू ठेवायचं. खांद्यांपासून मांड्यांपर्यंत बांधणारा हार्नेस, त्याला दोर, आणि दोर तोंडावर उभ्या केलेल्या तिवईच्या विंचला, म्हणजे दोर गुंडाळून वर ओढणाऱ्या यंत्राला. बेशुद्ध माणसाचं वजन एकट्याला नुसत्या हातांनी आठ फूट वर ओढता येत नाही, एकदा करून बघा. आतला दिवा 24 व्होल्टचा. बाहेर एक माणूस, ज्याचं काम फक्त आतल्याकडे बघणं आणि बोलत राहणं. त्याने चहाला जायचं नाही, फोन घ्यायचा नाही, आणि काहीही झालं तरी आत उतरायचं नाही. या सगळ्यातली एखादी गोष्ट 'आज नाही आणली' असेल तर काम उद्या करायचं.

मांडवाबद्दल थोडं. झाकणावर किंवा त्याला चिकटून मांडव घालू नका, आणि टाकीच्या हवेचा पाइप मांडवाच्या आत येता कामा नये. टाकी उघडी असताना जवळपास उदबत्ती, बिडी, फटाका काही नको. गाळ लवकर सुटावा म्हणून आत ॲसिड ओतायचा सल्ला कोणी देईल, ऐकू नका. ॲसिडने गाळातला हायड्रोजन सल्फाइड भसकन वर येतो. उपसून झाल्यावर झाकण मजबूत आहे का बघा. आरतीला पोरं त्याच्यावर उड्या मारणार आहेत.

रविवारसाठी ठरावाचे शब्द देतो, बदलून घ्या: "सोसायटीच्या सेप्टिक टाकीची सफाई यंत्रानेच होईल. कोणत्याही कारणाने, कोणाच्याही संमतीने, माणूस आत उतरवला जाणार नाही. टाकी दर दोन वर्षांनी उपसली जाईल व त्यासाठी दरमहा रक्कम बाजूला काढली जाईल." इतिवृत्तात नोंद करा, पुढच्या सचिवालाही तो ठराव बंधनकारक राहील. गाडीवाल्याच्या कामाच्या कागदावर हीच अट लिहा, आणि मैला नेऊन कुठे टाकणार हेही विचारा. तो ओढ्यात सोडला तर आपली घाण दुसऱ्याच्या दारात जाते. गाडीसाठी महापालिकेच्या आरोग्य खात्यात चौकशी करा. मैला उपसण्यासाठी 14420 हा क्रमांकही अनेक शहरांत चालतो. ठराव पडला, तर विरोध लेखी नोंदवा आणि झाकणाला कुलूप घालून किल्ली जवळ ठेवा. सचिव म्हणून तेवढं तुमच्या हातात आहे.

पण सभेच्या आधी, शक्य तर शनिवारी संध्याकाळीच, दादांना स्वतः फोन करा. त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळू देऊ नका. म्हणा, "दादा, या वेळी गाडी येणार आहे. तुम्ही आत उतरायचं नाही, पण तुमच्याशिवाय गाडीवाल्याला लाइन सापडणार नाही, तेव्हा तुम्ही हवेच आहात." ते हसतील, "बाई, काही होत नाही हो" म्हणतील. तेव्हा पुतण्याचं वय विचारा, तो काय शिकला आहे विचारा, आणि 'नमस्ते'च्या नोंदणीसाठी आधार कार्ड घेऊन सोमवारी दोघांनाही शाळा सुटल्यावर भेटायला सांगा.